गावाचं भंगार: दारावरचा कबाडी की ग्रामपंचायतीचं शेड?

दोन-तीन हजार वस्तीच्या गावानं भंगार निवडून साठवायच्या शेडचा ठराव घेण्याआधी पाहावं, की कबाडी आज काय उचलतो आणि काय टाकून जातो.

लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, पुठ्ठा, जाड प्लास्टिक, ठिबकच्या जुन्या नळ्या तो रोख मोजून नेतो. हे काम पंचायतीनं त्याच्या हातून काढू नये. भंगारातून अ‍ॅल्युमिनियम करायला खनिजापासून करण्यापेक्षा सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते. त्याच्या सायकलवरचं फुटकं पातेलंही कुठंतरी कोळसा वाचवतं.

अडचण तारेची. तांब्यासाठी वरचं पीव्हीसी प्लास्टिकचं वेष्टण जाळलं, की त्यातल्या क्लोरीनमुळे धुरात डायॉक्सिन हे जहाल विष तयार होतं. तार सुरीनं सोलूनच विका.

गुटख्याच्या पुड्या आणि मल्चिंग पेपर (पिकाच्या बुडाशी अंथरायचं पातळ प्लास्टिक) मात्र कबाडी घेत नाही. 25-30 मायक्रॉनच्या पेपरला इतकी माती चिकटते, की काट्यावर मातीच तोलली जाते. मग पेपर धुऱ्यावर पेटतो; कार्बन डायऑक्साइड आणि काजळी दोन्ही हवेत. शेड हवं ते ह्याच मालासाठी. पेपर वाळवून, झटकून, गुंडाळून ठेवायचा.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांचा निकष ठरला. 3000 वस्तीला 1,80,000. शेड उभं राहतं, पण माल निवडणाऱ्या बायांची रोजी आधी ठरली नाही तर कुलूप लागतं. वाहतूकही अंगावर येते. एक लिटरच्या किलोभर रिकाम्या बाटल्या म्हणजे चाळीसेक नग. न दाबता भरल्या तर गाडीत हवाच जाते. गठ्ठे बांधायचं यंत्र तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रात असेल तर गावात घेऊ नका.

निवडताना शंका आली तर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. ठिबकची नळी आणि खताच्या चुंगडीचा धागा तरंगतो; पाण्याची बाटली आणि पीव्हीसी बुडतं. बुडालेल्यातून पीव्हीसी हातानं वेगळं काढाच. बाटल्या वितळवताना ते करपतं, आम्ल सोडतं आणि सगळा माल नासतो.

कीटकनाशकाच्या बाटल्या ह्या ढिगात कधीच नकोत. फवारणीच्या वेळीच पाव बाटली पाणी घालून तीनदा खळबळा, पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि वेगळी ठेवा.

काटा शेडात ठेवा आणि कबाड्यालाही तिथंच बोलवा. पुठ्ठा तेवढा मृगाआधी विकून मोकळे व्हा, ओल लागली की त्याला भाव उरत नाही.