उभ्याने केलेली डॉप्लर तपासणी: बेळगावातील एका केंद्राचा अनुभव
वडगावात तीस वर्षे यंत्रमागापुढे उभे राहिलेल्या माझ्या वडिलांच्या डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी दिसू लागल्या, म्हणून शल्यविशारदांच्या सल्ल्याने आम्ही शहरातील एका केंद्रात पायांची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतून रक्त कोणत्या दिशेने वाहते ते दाखवणारी तपासणी, करून घेतली. या तपासणीचे मर्म रुग्णाला उभे करण्यात आहे, कारण आडवे झाल्यावर शिरांवरील रक्ताचा भार ओसरतो आणि शिरांतल्या निकामी झडपांतून होणारी रक्ताची उलटी गळती नीट दिसत नाही. येथील डॉक्टरांनी बाबांना वजन उजव्या पायावर घ्यायला सांगितले आणि थंडगार जेल लावून जांघेपासून घोट्यापर्यंत प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) फिरवला. पोटरी दाबताच पडद्यावर वर जाणाऱ्या रक्ताचा निळा रंग चमकला, आणि हात सोडल्यावर तेथेच खाली परतणाऱ्या रक्ताचा लाल रंग उमटून रेंगाळला. वरवरच्या शिरांत असा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकला तर तो दोष मानतात. बाबांचा दोन सेकंदांच्या पुढे गेला. खोल शिरांत गुठळी नसल्याची खात्रीही प्रोबने शिरा दाबून केली. अहवाल इंग्रजीत असला, तरी डॉक्टरांनी कागदावर पायाचे चित्र काढून सारे मराठीत समजावले. तक्रार एकच: अकराची वेळ देऊन एक वाजता आत घेतले, आणि पाय दुखणाऱ्यांच्याच रांगेला बाकडी मात्र दोन!