वसई किल्ल्यात संत गोन्सालो गार्सिया : सातवीच्या वर्गासह केलेल्या अभ्यासफेरीविषयी

वसईच्या किल्ल्यावर सहल नेली की चिमाजी अप्पांची मोहीम सांगायची, १७३९ साल वहीत उतरवून घ्यायचं, पुतळ्यापाशी फोटो काढायचा आणि डबे उघडायचे, हा बहुतेक शाळांचा शिरस्ता. तो इतिहास सांगायलाच हवा, त्यात वाद नाही. पण त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी याच तटबंदीच्या आत गोन्सालो गार्सिया नावाचा एक वसईकर मुलगा शिकत होता, पुढे तो जपानला गेला आणि भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत ठरला, हे आमच्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या मराठी शाळेत ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. म्हणून एक स्थानिक अभ्यासक शाळांसाठी ही फेरी घेतात असं कळल्यावर मी ताबडतोब नोंदणी केली. माणशी दीडशे रुपये, शिक्षकांना शुल्क नाही, साडेतीन तास.

फेरी सुरू होते ती किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, जुन्या चर्चपाशी. त्याची दर्शनी भिंत अजून ताठ उभी आहे, आणि गोन्सालोचं शिक्षण येशूसंघीयांकडेच झालं. मार्गदर्शक स्वतः सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे वसईतल्याच एका ख्रिस्ती समाजातले, बोलणं अगदी घरच्यासारखं. गोन्सालोचे वडील पोर्तुगीज, आई इथलीच, एवढं सांगून ते थेट मुलांकडे वळले. "पंधरा वर्षांचा असताना हा जहाजात बसला. तुम्ही दहावीत असाल तेव्हा." मग जमिनीवर मोठा नकाशा पसरला आणि मुलांच्या हातात लोकरीचा गुंडा दिला. वसई, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत जहाजं बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडत, हे सांगताना ते त्या त्या बंदरावर लोकरीला गाठ मारायला लावत. प्रवासाला इतका काळ का लागे, हे मी फळ्यावर कधीच इतकं नीट समजावू शकले नसते.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यांनी गोन्सालोची ओळख करून दिली त्यात. आपण संत म्हटला की लगेच चमत्कार आणि मरण यांवर येतो. इथे मुलांना आधी भेटला तो भाषा येणारा माणूस. जपानी भाषा त्याने आत्मसात केली, येशूसंघीयांच्या हाताखाली वर्षानुवर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं, पण त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, चांगला जम बसवला आणि तोही सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर, म्हणजे धर्मबंधू, झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता हे मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हा दुभाषी म्हणून बरोबर होता तो आपला वसईकर.

यावर एक खेळ झाला. मार्गदर्शक फक्त कादोडी ही आपली सामवेदी बोली बोलणार, आमच्या वर्गातली एक मुलगी फक्त मालवणी, आणि मधल्या मुलाने दोघांमध्ये भांड्यांचा सौदा जमवायचा. मधल्या मुलाला घाम फुटला. एक शब्द चुकला तर समोरचा चिडतो, आणि दोघंही आपल्याकडेच संशयाने बघतात, हे त्यानेच वर्गाला सांगितलं. राजदरबारात हे काम करणाऱ्याच्या डोक्यावर काय ओझं असेल, ते मग सांगावं लागलं नाही.

दुसरा टप्पा फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चच्या अवशेषांत, जिथे पायांखाली थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. क्योतोमध्ये या ब्रदरांनी कुष्ठरोग्यांसाठी चालवलेलं रुग्णालय, १५९६ मध्ये शिकोकूच्या किनाऱ्याला लागलेलं 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज, त्यानंतर वाढलेला संशय आणि धरपकड, हे सगळं इथे सांगितलं. हिदेयोशीला त्यांनी राक्षस केलं नाही. क्रुसाच्या मागून तोफा येतील ही त्याची भीती होती, असं म्हणून त्यांनी मुलांना तटाकडे बघायला सांगितलं. पोर्तुगिजांच्या या किल्ल्यात उभं राहून ती भीती कुणालाही कळेल. एका मुलाने विचारलं, "काका, पोर्तुगिजांनी देवळंही पाडली ना?" ते म्हणाले, हो, पाडली, आणि धर्माच्या नावाने छळही केला. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाने मुलांसमोर इतकं सरळ उत्तर द्यावं, याचा मला फार आदर वाटला.

मृत्यूचं वर्णन किती करायचं, हे त्यांनी आदल्या दिवशी फोन करून आम्हा शिक्षकांना विचारलं होतं. कान कापल्याचा उल्लेख एका वाक्यात आला. हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत केलेली पायपीट आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर दिलेले २६ जण, हे मात्र सविस्तर सांगितलं. त्यांतला लुईस इबाराकी १२ वर्षांचा होता. धर्म सोडलास तर जीव वाचेल, असं अधिकाऱ्याने त्याला सांगितलं होतं. यावर मुलांचा बराच वाद झाला. काही जणींचं म्हणणं, त्याने हो म्हणायला हवं होतं. मार्गदर्शकांनी कुणालाही चूक ठरवलं नाही, प्रत्येकाला "का?" एवढंच विचारलं.

उणिवाही सांगते. पुढचा वारसा शेवटच्या दहा मिनिटांत उरकला. १८६२ मध्ये मिळालेलं संतपद, नागासाकीचं १९६२ मधलं स्मारक आणि त्यावरच्या ब्राँझच्या २६ आकृती, वसईतलं त्याच्या नावाचं महाविद्यालय, गास गावातलं चर्च, ही सगळी नुसती यादी झाली. गासचं चर्च तर फेरीत धरायलाच हवं. चालू प्रार्थनास्थळ आणि पडकं चर्च यांतला फरक मुलांनी डोळ्यांनी पाहिला पाहिजे. कृतिपुस्तिकेतला नकाशा इंग्रजीत आहे, तो मराठी शाळांसाठी मराठीत हवा. पुस्तिकेत जन्मसाल १५५६ असं ठामपणे छापलंय, तोंडी मात्र त्यांनी ते "सुमारे" म्हणून सांगितलं. तोंडी सांगितलेलंच छापावं.

नेणाऱ्या शिक्षकांसाठी थोडं. सहावीच्या खालच्या वर्गांना ही फेरी जड जाईल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठची वेळ घ्या, दहानंतर अवशेषांत सावली मिळत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय त्यांनी किल्ल्याबाहेर एका घरी केली होती, पण ती नोंदणी करतानाच सांगावी लागते. जाण्याआधी वर्गात जगाचा नकाशा एकदा फिरवून घ्या, मग लोकरीच्या खेळात वेळ जात नाही आणि वाचलेली वीस मिनिटं शेवटच्या टप्प्याला मागून घेता येतात.