क्रूझवर कुक म्हणून लावतो सांगून अडीच लाख घेतले

माझ्या मावसभावाकडून क्रूझवर कुकची नोकरी लावतो म्हणून बेलापूरच्या एका एजंटाने अडीच लाख रुपये उकळले. मी स्वतः क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कामाला आहे, पण तेव्हा मी बोटीवर होतो. आणि एजंटाने भावाला बजावलेलं, "कन्फर्म होईपर्यंत घरी-दारी कुठे बोलू नकोस, तुझी सीट दुसरा घेईल." त्यांची पहिली चाल हीच. माहीतगार माणसाला विचारायचं दारच बंद करतात.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी रजिस्ट्रेशन, मग मेडिकल, मग विसाची फाईल, शेवटी तिकीट. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर जीपे, आणि पावती "जॉइनिंगला एकदम देतो". काजूचे आलेले पैसे संपले तेव्हा मावशीने पतपेढीतून कर्ज काढलं. तिकिटाचे पैसे गेले आणि ऑफिसला कुलूप लागलं.

सुट्टीवर आल्यावर ते ऑफर लेटर बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जॉइनिंग पोर्ट, न्हावा शेवा! ते कंटेनरचं बंदर. मुंबईत क्रूझ लागते ती बॅलार्ड पिअरला. पद शेफ द पार्टी, म्हणजे एका विभागाचा मुख्य शेफ, तेही हॉटेलात नुकत्याच लागलेल्या मुलाला. असा मुलगा बोटीवर चढला तर ट्रेनी नाहीतर कॉमी, म्हणजे हाताखालचा कुक, म्हणून चढतो. इंटरव्ह्यू फोनवर उरकला, स्वयंपाकाबद्दल एक प्रश्न नाही. खऱ्या इंटरव्ह्यूत मदर सॉस (मूळ सॉस) विचारतात, कटिंग विचारतात आणि यूएसपीएचवर, म्हणजे जहाजावरच्या स्वच्छतेच्या अमेरिकन नियमांवर, हमखास अडवतात. थंड पदार्थ ५ अंशांच्या आत, गरम ५७ च्या वर, लाल बादली कशाची, पांढरी कशाची. अमेरिकेच्या बंदरात न सांगता तपासणी होते, १०० पैकी ८५ किंवा त्याखाली गुण आले की जहाज नापास. एवढी धास्ती असताना कुठली कंपनी कुकला काही न विचारता घेईल?

पोरांनो, नियम आपल्या बाजूने आहे. एमएलसी २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि पासपोर्ट आपल्या खर्चाने, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) कोर्सही आपणच करायचे. विसा मात्र जहाजमालकाच्या खर्चाने. एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स हवं. लायसन्स असलेल्यांची यादी डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या वेबसाइटवर आहे. भिंतीवर लावलेली झेरॉक्स बघून विश्वास ठेवू नका. यादीतल्या पत्त्यावर आणि नंबरवर स्वतः चौकशी करा, कारण खऱ्या कंपनीचा नंबर आपल्या लेटरहेडवर छापणारेही आहेत. कोर्स न करता सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. ते पकडलं गेलं तर गुन्हा तुमच्यावर.

पोलिसांत आणि डीजी शिपिंगकडे तक्रार दिली आहे. जीपेचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं भावाने पुसलं नव्हतं, तेच आता कामी येतंय. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कुडाळ-सावंतवाडीकडच्या ग्रुपवर सध्या "क्रूझ कुक, फ्रेशर चालेल, विसा फी नंतर" अशी जाहिरात फिरतेय. नाव नवीन आहे, पण लेटरचा मजकूर शब्दन् शब्द तोच आणि जॉइनिंग पोर्टही न्हावा शेवाच.