रिसॉर्टचं कोर्सवार डिनर की घरगुती मालवणी ताट?

सिंधुदुर्गात तारकर्ली, देवबाग, भोगवे या किनारपट्ट्यात सहा-आठ मित्रांनी एक जेवण जरा थाटात करायचं ठरवलं की दोन पर्याय पुढे येतात. समुद्रासमोरच्या महागड्या रिसॉर्टमधलं पाच-सहा कोर्सचं डिनर, नाहीतर एखाद्या घराच्या पडवीत आदल्या दिवशी सांगून केलेलं मालवणी जेवण. मला विचाराल तर आधी घड्याळ बघा, बिल मागाहून.

रिसॉर्टचं डिनर अडीच-तीन तास सहज चालतं. एकेक पदार्थ सावकाश येतो, मधे पंधरा-वीस मिनिटं रिकामी जातात, आणि बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मंडळींना नेमकी तीच हवी असतात. घरगुती खानावळीत ताट आलं की सगळे माना खाली घालून जेवतात. पाऊण तासात हात धुऊन मोकळे. पाठीमागे पुढची पंगत ताटकळत असताना कॉलेजच्या आठवणी काढत बसणं बरं दिसत नाही.

पण मालवणी जेवणाला कोर्स मानवत नाहीत. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, वाफाळता भात, तव्यावरून थेट ताटात आलेली सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, मधेच सोलकढीचा घोट, हे सगळं एकदम पुढ्यात हवं. रिसॉर्टात सोलकढी सुरुवातीलाच इवल्याशा ग्लासात येते आणि घसा मागतो तेव्हा गायब असते. तळलेल्या माशाचीही तीच गत. आठ प्लेटा एकदम सजवून बाहेर काढायच्या, तोवर पहिल्या प्लेटीवरचा रवा मऊ पडतो. म्हणून तिथे शेवंड (लॉबस्टर), मोठी कोलंबी, ग्रिल केलेलं अख्खं पापलेट असं काही मागवा. लोणी-लसणातली शेवंड त्यांच्याकडेच खावी. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मात्र घरगुतीच. नांग्या दातांनी फोडायच्या, रस मनगटापर्यंत ओघळू द्यायचा, हे पांढऱ्या टेबलक्लॉथवर जमत नाही.

आता घड्याळाचं. रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) आणि छोट्या होड्यांचा बराचसा मासा सकाळी किनाऱ्याला लागतो. घरगुती जेवण दुपारचं घ्यावं ते यासाठी. रात्रीपर्यंत तोच मासा बर्फात पडलेला असतो, दोन्हीकडे. उलट रिसॉर्टात समुद्रासमोर बसण्याचे पैसे वसूल होतात ते सूर्यास्ताआधी पोचलात तरच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे अखेरीस सातच्या आसपास. आठला गेलात तर समोर काळोख आणि लाटांचा आवाज, आणि तो देवबागेत कुठल्याही अंगणात फुकट ऐकू येतो. जून-जुलैत तर हा सगळा हिशेबच बदलतो: यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, पावसाने बाहेरची टेबलं आत, आणि मेनूवर सुरमई दिसलीच तर ती बहुधा फ्रीजरमधली. त्या दिवसांत सरळ घरगुती कोंबडी-वडे खावेत.

बिलाबद्दल थोडक्यात. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला ७५०० रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. नको असेल तर काढायला लावा. शेवंड, पापलेटचा भाव ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला असेल तर वजन आणि दर आधी विचारावा. मित्रांसमोर विचारायची लाज वाटते खरी, पण बिल आल्यावर जास्त वाटते.

गटात शाकाहारी कोणी असेल तर माझा कौल घराकडे. काळ्या वाटाण्याचं सांबार नि आंबोळ्या, उन्हाळ्यात ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी. ठरावीक दराच्या डिनरला तोच माणूस शेवंडीच्या जवळपास पैसे भरून पनीर खातो. दारू हवी असेल तर मात्र प्रश्नच मिटला, परवाना असलाच तर रिसॉर्टकडे असतो. पण मग राहायचंही तिथेच, नाहीतर एकाने न पिता गाडी चालवायची. मालवण-देवबाग रस्ता अरुंद आहे आणि रात्री त्यावर उजेड कमी.

थोडक्यात, गप्पांसाठी जमला असाल तर संध्याकाळ रिसॉर्टला द्या. माशासाठी आला असाल, किंवा बरोबर मुलं आणि म्हातारी माणसं असतील, तर दुपार घराला. एकाच दिवशी दोन्ही करू नका. भरपेट वडे-भातानंतर रात्री तिसऱ्या कोर्सला सगळे हात आखडतात.

रिसॉर्टला फोन कराल तेव्हा किनाऱ्याकडच्या कडेचं टेबल मिळेल का ते विचारा. ‘सी व्ह्यू’ म्हणून माडांच्या झावळ्याही दाखवतात. घरी सांगताना माणसं किती, तिखट किती आणि वडे की भाकरी, एवढं आदल्या दिवशीच कळवा. वड्यांचं पीठ मळून मुरावं लागतं. ऐन वेळी मागितलेत तर भाकरीच मिळेल.