खोबरेल तेलात स्वयंपाक: कोणतं घ्यायचं, कशात घालायचं आणि शेंगदाणा तेल सोडायचं का?

माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर गोव्यातल्या फोंड्याचं. माहेरी जे तेल रविवारी न्हाण्याआधी डोक्यावर थापायचं, तेच सासरी बांगड्याच्या कालवणात पळीने पडताना पाहिलं तेव्हा पहिले काही दिवस घास उतरेना. आता पुण्यात आमच्या ओट्यावर माहेरचं शेंगदाणा आणि सासरचं खोबरेल, दोन्ही तेलं शेजारी शेजारी असतात. त्यामुळे "शेंगदाणा बंद करून खोबरेल सुरू करू का?" असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: घरात शिजतं काय?

त्याआधी दुकानातला गोंधळ, कारण पैसे तिथेच वाया जातात. घाण्याचं तेल सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांपासून काढतात. रंगाला किंचित पिवळट, वास भाजलेल्या खोबऱ्याच्या जवळ जाणारा. व्हर्जिन ओल्या खोबऱ्यापासून किंवा नारळाच्या दुधापासून निघतं. पाण्यासारखं नितळ, आणि किमतीला सगळ्यात वर. रिफाइंड पुन्हा सुक्या खोबऱ्याचंच, पण रंग काढून आणि वाफेने वास घालवून तयार केलेलं.

रिफाइंडचा एक खरा फायदा आहे: ते २०० अंशांच्या वर तापवलं तरी लवकर धूर सोडत नाही. घाण्याचं आणि व्हर्जिन १७५ च्या आसपासच धुरकटायला लागतं. पण खोबरेल घ्यायचं ते वासासाठी. वासच नको असेल तर तळणाला रिफाइंड शेंगदाणा तेल आहेच, ते २३० पर्यंत दम धरतं. व्हर्जिनबद्दलही माझं मत जरा तिखट आहे. एवढं महागाचं तेल फोडणीला कडकडीत तापवलं की त्याचा नाजूक वास चिमणीतून बाहेर. वरून कच्चं घालायचं असेल तरच ते घ्यावं.

म्हणजे रोजच्या वापराला घाण्याचं. ते बरं की वाईट हे मात्र घाणा लाकडी की लोखंडी यापेक्षा खोबऱ्यावर ठरतं. वाट्या नीट वाळल्या नसतील, आत बुरशी धरली असेल, तर तेल खवट येणारच. मी घाण्यावर गेले की आधी पोत्यातली एक वाटी उचलून मोडते. कटकन मोडली आणि आतून पांढरी निघाली तर बरणी पुढे करते. वाकली किंवा कडेला काळपट दिसली तर पुढच्या आठवड्यात बघू म्हणते. घाणेवाल्याला माझी ही सवय आवडत नाही, हेही सांगून टाकते.

भावाची एक साधी पडताळणी आहे. चांगल्या सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के तेल असतं. म्हणजे किलोभर तेलाला दीड किलोच्या वर खोबरं लागतं. वाण्याकडे खोबऱ्याचा भाव विचारा आणि दीडपट करा. घाणेवाल्याला खोबरं घाऊक भावात पडतं, पेंडही विकली जाते, तेव्हा थोडंफार कमी चालेल. पण निम्म्या भावात 'शुद्ध घाण्याचं' मिळत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. आणि हो, लिटर म्हणजे किलो नव्हे, लिटरभर तेल सुमारे ९२० ग्रॅम भरतं. फ्रिजमध्ये थिजलं की शुद्ध, या परीक्षेवर फार विसंबू नका. पाम कर्नल तेलही (पामच्या बियांतल्या गराचं तेल) तसंच थिजतं.

न्हाणीघरातली बाटली चालेल का, हा प्रश्न लोक लाजत विचारतात. लाजायचं कारण नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल धरायचं की केसांचं, यावर करवाल्यांचा आणि कंपन्यांचा तंटा वर्षानुवर्षं चालला. १८ डिसेंबर २०२४ ला निकाल लागला: बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. आपल्यापुरतं पाहायचं ते लेबल. त्यावर 'खाद्यतेल' असं लिहिलेलं आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असेल तर कढईत घाला. सुगंध किंवा मिनरल ऑइल मिसळलेलं असेल तर ते डोक्यालाच.

आता शेंगदाण्याशी गाठ.

चवीत कोणी कोणाची जागा घेऊ शकत नाही. पिठलं, भरली वांगी, कांदेपोहे, झुणका यांना खोबरेलाची फोडणी दिलीत तर खाणारा पहिल्याच घासाला तुमच्याकडे बघेल. उलट बांगड्याची उडिदमेथी शेंगदाणा तेलात केली तर त्यातला तिरफळाचा मसाला एकटाच पडतो. नारळाचं वाटण, कढीपत्ता, सोलं किंवा मासळी ज्यात आहे तिथे खोबरेल. दाण्याचं कूट, गोडा मसाला किंवा बेसन जिथे आहे तिथे शेंगदाणा. घावण्यांच्या बिडाच्या तव्यावर तर मी नारळाच्या शेंडीनेच खोबरेल फिरवते. कडा जाळीदार सुटतात आणि घरभर वास जातो.

माझ्या सासूबाईंची पद्धत तर आणखी काटकसरीची. फोडणीला जेमतेम तेल, आणि गॅस बंद केल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोडून झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढलं की तो वाफेचा भपकारा तोंडावर येतो. केरळात अवियलवरही असंच कच्चं तेल आणि कढीपत्ता घालतात. तेल कमी आणि वास पुरेपूर, असा हिशोब मला दुसऱ्या कुठल्या तेलात जमलेला नाही.

कमी तेलाचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण तब्येतीच्या बाजूने खोबरेल मागे पडतं. त्यात संपृक्त चरबी ८० ते ९० टक्के, तुपात ६० ते ६५ च्या आसपास, शेंगदाणा तेलात २० च्या आत. खोबरेलाच्या एका टेबलस्पूनमध्ये ती ११ ते १२ ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, संपृक्त चरबीतून दिवसाच्या १० टक्क्यांहून जास्त उष्मांक नकोत. २००० उष्मांकांच्या आहारात ते २२ ग्रॅम झाले. म्हणजे एका टेबलस्पूनमध्येच निम्मा कोटा संपला, तूप, दूध अजून बाकी. हे तेल चांगल्या कोलेस्टेरॉलबरोबर वाईटही वाढवतं, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ते टाळायला सांगितलं.

"पण त्यात एमसीटी असतं ना, वजन उतरतं ना?" असं हमखास विचारलं जातं. एमसीटी म्हणजे मध्यम साखळीची चरबी. ते प्रयोग बहुतेक वेगळ्या काढलेल्या एमसीटी तेलावरचे. आपल्या खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, आणि पचनात ते बरंचसं साध्या लांब साखळीच्या चरबीसारखंच वागतं. ज्यांच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर गेलेलं आहे त्यांनी वरून घालायचा चमचासुद्धा डॉक्टरांना विचारून घालावा.

तळणाचं एक सांगायलाच हवं. एकदा दिवाळीत तळणीतलं खोबरेल उरलं होतं, टाकायचं जिवावर आलं, म्हणून त्यात शेंगदाणा तेल ओतून भजी सोडली. पहिल्या घाण्यालाच साबणाच्या पाण्यासारखा फेस कढईच्या काठावर आला आणि गॅसवर सांडला. खोबरेल आणि इतर तेलांची तळणात मिसळ केली की असा फेस येतोच, हे मला नंतर कळलं. केरळात केळ्याचे वेफर्स खोबरेलात तळतात, पण ते एकट्या खोबरेलात.

टिकायला मात्र खोबरेल दणकट. शेंगदाणा तेल उन्हात लवकर खवटतं, हे महिनोन्‌महिने राहतं. त्याला वैरी पाणी. ओला चमचा बुडाला की काही दिवसांनी चव साबणासारखी लागते.

पहिल्यांदा घेणार असाल तर २०० मिलीच घ्या, चवळीच्या उसळीवर वरून चमचाभर घालून बघा. घरातल्यांनी नाक मुरडलं तर उरलेलं डोक्याला आहेच. आणि देशावर राहत असाल तर रुंद तोंडाची बरणी घ्या. हे तेल २४-२५ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात पुण्यात सकाळी सात वाजता, मुलांच्या डब्याच्या घाईत, अरुंद तोंडाच्या बाटलीत सुरीचं टोक घालून तेल खरवडणं मी दोन हिवाळे केलंय.