बाटोसेरा, जुना लॅपटॉप आणि पळणारा मारिओ

बॅटरी मेलेला जुना आय-थ्री लॅपटॉप, चार जीबी रॅम. भंगारात घालण्याऐवजी त्यावर पेनड्राइव्हवरून बाटोसेरा, म्हणजे जुने व्हिडिओ गेम चालवणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, चालू केलं, त्याला सात-आठ महिने झाले. ठाण्यात वर्तकनगरच्या घरी तो टीव्हीच्या मागे एचडीएमआयने जोडून ठेवलाय. हार्डडिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप पूर्वीसारखा. आठ-बिट निन्टेंडो, सेगा, पहिलं प्लेस्टेशन सगळं मस्त चालतं. प्लेस्टेशन टूचा नाद या मशीनवर करू नये.

खरा घोळ वेगाचा. कळव्याहून दादा आला, मारिओ लावला, आणि लगेच म्हणाला, "हा एवढा का पळतोय रे? आपला असा नव्हता." त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे मिळायचे ते टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोच्या नकला, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर (फ्रेम) चालणाऱ्या. कॅसेटमधले गेम मात्र जपान-अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी लिहिलेले. दर फ्रेमला एक पाऊल असा त्यांचा हिशोब, त्यामुळे आपला मारिओ आणि त्याचं संगीत सहाव्या हिश्शाने संथ.

यावर उपाय आहे. बाटोसेरातलं रेट्रोआर्क हे इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम) चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा मेनू, कोर ऑप्शन्स, त्यात रीजन. तिथे 'डेंडी' निवडा. डेंडी हा १९९२ साली रशियात आलेला असाच नकली कन्सोल. नुसतं 'पाल' निवडलं तर प्रोसेसरही मंदावतो आणि सूर उतरतात. डेंडीत सूर जवळपास तेच राहतात, चाल तेवढी संथ होते. टीव्हीलाही ५० हर्ट्झचाच सिग्नल द्या, नाहीतर चित्र सरकताना अडखळतं. दादा खूश. माझ्या मुलीला ६० वालाच हवा, त्यावरून घरात रोज वाद.

जुन्या डॉस पीसीचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्येही तीच गोष्ट. १९८३ चा डिगर ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीच्या जमान्यातला. सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, तीनशेच्या आसपास आणल्या की खेळण्याजोगा होतो. कंट्रोल-एफ११ ने कमी, एफ१२ ने जास्त. जुन्या कॅबिनेटवरचं टर्बो बटण याच कामाचं होतं, हे आजच्या पोरांना पटत नाही.

टीव्हीचा गेम मोड चालू नसेल तर उडी उशिरा लागते आणि आपण रिमोटला शिव्या घालतो. तरीही खटकलं तर रेट्रोआर्कमधली रन-अहेड ही सोय वापरा. बटण दाबल्यावर प्रतिसाद द्यायला गेम स्वतः एखाद-दोन फ्रेम खातो, तेवढं इम्युलेटर आधीच मोजून ठेवतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलीसेकंद. मी एकच ठेवलीय. जास्त केली की पात्र मधूनच उड्या मारल्यासारखं दिसतं.

बदकं मारायची बंदूक मात्र विसरा. ती पिक्चर ट्यूबवरच्या प्रकाशाच्या वेळेवर चालायची, एलसीडीवर जुनी बंदूक आंधळी. माउसने मारता येतात, पण त्यात मजा नाही.

इम्युलेटर कायदेशीर आहे, नेटवरून उतरवलेली रॉम, म्हणजे गेमची फाइल, बहुतेक वेळा नाही. हौशी लोकांनी आज लिहिलेले, फुकट वाटलेले नवे आठ-बिट गेमही भरपूर आहेत आणि काही झकास आहेत.

घरात जुना लॅपटॉप असेल तर यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्यायला पळू नका. पाय ५ ला हेडफोनचं भोकही नाही आणि एचडीएमआयची छोटी पिन वेगळी घ्यावी लागते.