‘दोन्ही एकात’ म्हणून गळ्यात मारलेली नौका

छोटी शिडाची नौका घेताना शर्यतीची घ्यावी की सफरीची, हा प्रश्न वर्षभर माझ्या मनात घोळत होता आणि तो सुटलेला नाही, हे विक्रेत्याने पहिल्या दहा मिनिटांतच ओळखले. पत्नी आणि मुलीसह दोन रात्री पाण्यावर काढता याव्यात ही एक इच्छा, आणि शिडात वारा भरताच सुसाट निघणारी नौका हाती असावी ही दुसरी. मी भाबडेपणाने दोन्ही बोलून दाखवल्या. तो हसून म्हणाला, “मग निवड करताच कशाला? ही दोन्ही एकात आहे.”

हे विधान साफ खोटे नसते, म्हणूनच ते पटते. 1977 मध्ये आलेल्या जे/24 सारख्या नौकेत शर्यतीचे गुण आहेत आणि आत चार जणांना आडवे होण्याची सोयही आहे. मात्र तिच्या केबिनमध्ये वाकूनच वावरावे लागते, तिची कील (तळाखालचा पंखासारखा जड भाग) कायमची बसवलेली असल्याने तिला सव्वा मीटरच्या आसपास खोल पाणी लागते आणि शर्यतीत तिचा तोल सावरायला साधारण पाच माणसे कडेला बसवावी लागतात. याउलट कॅटलिना 22 सारख्या सफरीच्या नौकेची झुलती कील वर ओढून घेतली की साठेक सेंटिमीटर पाण्यातही ती तरंगते, त्यामुळे उथळ जागी नेता येते आणि ट्रेलरवरही विनासायास चढते. अशी एक नौका मी पाहिली होती आणि ती संथ आहे म्हणून सोडून दिली होती. मला जी दाखवण्यात आली ती शर्यतीच्या जातीची, बरीच वापरलेली नौका होती. तिच्यावर नव्या गाद्या, खिडक्यांना पडदे, एक छोटी शेगडी आणि डेकवर पाय घसरू नये म्हणून लावतात त्या खरखरीत रंगाचा ताजा, जाड थर एवढाच सफरीचा साज चढवलेला होता.

चाचणीच्या दिवशी वारा जेमतेम होता. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, इतके कडक होते की उलगडताना कागदासारखे वाजत होते, आणि त्या आवाजानेच मी विकला गेलो. नौका पाण्यातच असल्याने तळ दिसत नव्हता. ती नुकतीच वर काढून रंगवली आहे, पुन्हा काढण्याचा खर्च कशाला, असे तो म्हणाला. नौकेची तपासणी करणारा जाणकार, म्हणजे सर्वेअरही त्यानेच सुचवला, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही, याची आज सर्वाधिक लाज वाटते.

पैसे दिल्यानंतर ताब्यात आलेल्या पिशवीतून निघालेले मेनसेल निराळेच होते. ते पातळ फिल्मच्या थरांचे, शर्यतीसाठी बनवलेले शीड होते आणि त्याचे थर पापुद्र्यांसारखे सुटू लागले होते. मुलीने चाचणीच्या वेळी काढलेले छायाचित्र मोठे करून पाहिले, तर शिडावरचा क्रमांक वेगळा! एकाच आराखड्याच्या नौकांच्या शर्यतीत प्रत्येक नौकेच्या शिडावर तिचा क्रमांक असतो. म्हणजे चाचणीचे शीड दुसऱ्याच नौकेचे होते. शिडांची देवाणघेवाण होतेच, असे उत्तर मला मिळाले. होतही असेल, पण विक्रीच्या कागदावर फक्त “शिडांचा एक संच” एवढेच लिहिले होते आणि त्यावर माझी सही होती.

पुढचे सगळे मी स्वतः शोधलेल्या दुसऱ्या सर्वेअरने दाखवले. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्यांच्याभोवती तो प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेला. निरोगी जागी खणखणीत टक्‌ असा आवाज येई आणि मध्येच, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा, भद्द. त्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा होता, आणि बोल्टच्या भोकांमधून पाणी मुरले की तो गाभा कुजतो. शर्यतीच्या नौकेवर विंच (दोर ओढायच्या चरख्या) आणि पुली सतत इकडून तिकडे हलवल्या जातात आणि जुनी भोके तशीच बुजवली जातात. त्या बुजवलेल्या भोकांवरच तो नवा खरखरीत रंग बसला होता. नौका वर काढल्यावर कील आणि तळ यांच्या सांध्याच्या पुढच्या टोकाला पुट्टीने भरलेली चीर दिसली, आणि आतून पाहता कीलच्या मागच्या टोकावरचा भाग तडकलेला होता. कील वेगात खडकावर आदळली की पुढे सांधा उघडतो आणि मागे ती तळात वर रेटली जाते, असे त्याने समजावले. नौकेच्या पाठीमागे उजव्या बाजूला कोरलेल्या ओळख-क्रमांकाचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात, हेही मला तेव्हाच कळले. नौका सांगितल्यापेक्षा बारा वर्षांनी जुनी निघाली.

मी विक्रेत्याला जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “शर्यतीच्या नौकेला शर्यतीचे वण असायचेच.” ज्याने मला ती कुटुंबाची नौका म्हणून विकली, त्याच्याच तोंडून ती शर्यतीची असल्याचे मी प्रथम ऐकले. करारात “आहे त्या स्थितीत” हे शब्द होतेच.

अशा द्विधा मनाने कोणी नौका पाहायला जाणार असेल, तर बयाणा देण्यापूर्वी ती पाण्याबाहेर काढून दाखवण्याची अट लेखी घालावी, सर्वेअर विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा, आणि करारात प्रत्येक शिडाचे नाव, कापड व क्रमांक स्वतंत्र लिहून घ्यावा. चाचणी बारा-पंधरा नॉटच्या (ताशी साधारण बावीस ते अठ्ठावीस किलोमीटरच्या) वाऱ्यात, घरची माणसे बरोबर घेऊन करावी. माझी पत्नी त्या कललेल्या कॉकपिटमध्ये पहिल्यांदा बसली ती खरेदीनंतर, आणि पाचव्या मिनिटाला तिने किनाऱ्याकडे वळायला सांगितले.